सुलाबाईचं माहेर

सुलाबाई गेल्याचं कळलं तेव्हा आकाराम निकमांनी पहिल्यांदा वेळ विचारली.

सकाळ होती. फोन मिरजेहून होता, क्रांतीचा. अठरा दिवस ती दवाखान्यात आईजवळ बसून होती. ती नुसतं "आप्पा" म्हणाली आणि थांबली. आकारामांना पुढचं कळलं.

"किती वाजता?"

"सहा चाळीसला."

त्यांनी खिडकीतली डायरी ओढली. जहाजावर लागलेली सवय निवृत्तीनंतर तेहतीस वर्षांतही सुटली नव्हती. वारा कुठला, पाऊस किती, उसाचं पाणी कितव्या सरीपर्यंत पोचलं, सगळं रोज लिहायचे. त्यांनी लिहिलं, '६.४०. सुलाबाई.' पुढचा शब्द हातून उतरेना. डायरी तशीच मिटून ते काठी घेऊन मळ्याकडं निघाले.

धाकटा भाऊ नानासो उसाला दारं धरत होता. ब्याऐंशीचा झाला तरी पाणी दुसऱ्याच्या हाती देत नसे.

"मोटर बंद कर," आकाराम म्हणाले.

"का आन्ना? आज आपली पाळी हाय. सा तास लाईट हाय."

"सुलाबाई गेली."

नानासोनं खोरं खाली ठेवलं, जाऊन मोटर बंद केली आणि परत येऊन बांधावर बसला. सरीतलं पाणी थोडा वेळ पुढं जात राहिलं. दोघं भाऊ ते थांबेपर्यंत बघत बसले.

"वैनीनं मला न्हाऊ घातलंय," नानासो म्हणाला. "ती लगीन हून आली तवा मी सोळा वरसाचा घोडा. नदीवर पाय मुरगळून पडलो, तर घरी आणून न्हाऊ घातलं. मी लाजून मेलो हुतो गड्या."

ही गोष्ट आकारामांना ठाऊक नव्हती. ते तेव्हा समुद्रावर होते.

---

तेराव्या दिवशी दारात मांडव पडला. बोरखडीच्या वेशीत नानासोच्या नातवानं, साईराजनं, इस्लामपूरहून मोठा फ्लेक्स आणून लावला होता. सुलाबाईचा फोटो चांगला होता. खाली लिहिलं होतं, 'कर्नल आकाराम निकम यांच्या सुविद्य पत्नी', आणि मागं बर्फाचा डोंगर आणि रणगाडा.

क्रांतीनं तो फोनवर वडिलांना दाखवला. अंत्यविधीनंतर आकाराम उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

"साईराज, मी कर्नल नव्हतो रे," ते म्हणाले. "व्हाइस ॲडमिरल होतो. आणि तुझी आजी तिसरी शिकलेली होती."

"आन्ना, आता नगा काडू त्येचा पिच्छा," नानासो नातवाच्या मदतीला आला. "गावात शंभरावर फौजी हायेत, सगळे पायदळातले. रणगाडा न्हाई छापायचा तर काय बोट छापायची? लोकांस्नी वाटंल, नदीवर नाव चालवत हुता."

क्रांतीला तेरा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. आकारामांनाही आलं असतं, पण त्यांची नजर सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली. असल्या बोलण्यावर तिथून उत्तर यायचं. 'नाव तरी सरळ चालवली असती का?' असलं काहीतरी.

गावाचं खरंच चुकत नव्हतं. या मुलखातून माणूस फौजेत जातो तो पायानं चालायला. आकाराम एकोणीस वर्षांचे होईपर्यंत त्यांनी कृष्णेपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. पहिल्या सफरीत सहा दिवस ओकत होते. पुढं एकाहत्तरच्या लढाईत चार जहाजं त्यांच्या हुकमात होती. पदक मिळालं, वर चढत गेले, दोन्ही किनाऱ्यांवर राहिले. गावाला त्यातलं एवढंच कळलं की निकमांचा आकाराम मोठा साहेब झाला, आणि रजेवर आला की स्वतःची धोतरं स्वतः धुतो.

जेवणाआधीचा विधी तेवढा राहिला होता आणि घर त्यावरच अडलं होतं. बायको गेलेल्या माणसाला तिच्या माहेरच्यांनी टॉवेल-टोपी द्यायची, डोक्यावर टोपी घालून त्याला उंबऱ्याबाहेर काढायचं. मग दुखवटा सुटतो. तोवर तो घरातच. सुलाबाईचं माहेर विट्याजवळचं. एकच भाऊ, तो बारा वर्षांपूर्वी गेला, मागं मूलबाळ नाही.

"माझ्या सासरचे आहेत की बाहेर," क्रांती म्हणाली. "ते देतील टोपी."

"तुझं सासर म्हणजे आप्पांचे व्याही. ते आईचं माहेर कसं होईल?" तिचा भाऊ जयराज म्हणाला. तो पुण्याहून आला होता आणि पहिल्या दिवसापासून घड्याळ बघत होता. "आणि हवं कशाला हे सगळं? आप्पा आयुष्यभर नेव्हीत होते. त्यांना काय पडलंय टोपीचं?"

"वैनी असती तर पडलं असतं," नानासो म्हणाला. "तिच्या भावकीतला एक चुलता हाय, फोन करून बगू का?"

"तो ज्याने मामाच्या बांधावर केस घातली होती?"

"त्योच."

"मग तो आला तर मी मांडवातून उठून जाईन," क्रांती म्हणाली.

"तू उठ, मी बसतो. कुणीतरी बसायला पायजेच."

जयराजची बायको शिवांजली इतका वेळ दारात उभी होती. ती जपून बोलायची. "मला एक सांगायचं होतं. तिसऱ्या दिवशी आईंच्या मोबाईलवर फोन आला होता. स्क्रीनवर 'माहेर' असं नाव होतं. मी उचलला. एक म्हातारी बाई होत्या. आई गेल्याचं सांगितलं. मग तेराव्याची तारीख विचारली आणि 'येते' म्हणाल्या."

"नाव काय?"

"विचारलं नाही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

सगळे एकमेकांकडं बघू लागले. "म्हायेरात आता हाय कोन?" नानासो म्हणाला. "घराला कुलूप हाय. म्याच घातलंय, किल्ली माज्याकडं हाय."

"पण आई तर दर संक्रांतीला माहेरी जायची," क्रांती हळू म्हणाली. "मामा गेल्यावरसुद्धा. गेल्या वर्षीही गेली, दोन दिवस राहिली. यंदा भोगीला पायरीवर पडली ती तिकडंच निघाली होती. पिशवी हातात होती तिच्या."

ती पिशवी अजून देवळीखाली होती. पडलेल्या बाईच्या हातातली घेऊन कुणीतरी तिथं टेकवली, ती तशीच राहिली.

आकाराम खुर्चीत बसून ऐकत होते. चार जहाजं काळोखात, दिव्याशिवाय, एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे त्यांना न बघता सांगता यायचं. बायको बारा वर्षं कुलूप लावलेल्या घरी दोन-दोन दिवस राहायला जात होती आणि त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. यायची, पायावर पाणी घ्यायची, 'पोचले बाई' म्हणायची. ते म्हणायचे, 'सगळी बरी आहेत?' ती म्हणायची, 'बरी हायत.'

---

साडेबाराच्या सुमाराला एसटीनं उतरून ती बाई चालत आली. सत्तरी ओलांडलेली, काटक, हिरवट लुगडं. काखेत कापडात बांधलेलं गाठोडं. मांडवातल्या पुरुषांकडं न बघता ती सरळ सोप्यात आली आणि सुलाबाईच्या फोटोसमोर बसली. रडली नाही. फोटोच्या काचेवरून पदर फिरवला, जशी धूळ पुसावी तसा.

"कुठनं आला म्हनायचं?" नानासोनं विचारलं.

"आटपाडीस्नं. मी राहीबाई. म्हायेरची."

"वैनीच्या म्हायेरची मानसं मी समदी वळखतो, बाई."

"तुमी तिच्या भावाची मानसं वळखता. म्या तिची." तिनं गाठोडं सोडलं. आत पांढरा टॉवेल होता, टोपी होती, आणि फोटोला नेसवायची एक साडी. "टोपी कुनी दिली का अजून?"

"न्हाई."

"मग मी येळंला पोचली."

क्रांतीनं शिवांजलीकडं पाहिलं. दोघी नणंद-भावजयांचं तेरा दिवसांत पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं, की ही बाई कोण हे विचारायचं नाही, तिला पाणी द्यायचं. शिवांजलीनं तांब्या आणला.

"पूर्ण नाव काय तुमचं?" आकारामांनी विचारलं.

बाईनं पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. "राहीबाई महिपती देठे."

आकारामांनी खुर्चीचे हात धरले.

महिपती देठे. वय बावीस. त्यांच्या जहाजावरचा खलाशी. डिसेंबर महिना, चौथी रात्र, शत्रूच्या किनाऱ्याकडं तोंड. सगळे दिवे बंद, रेडिओ बंद. समुद्र खवळलेला. पुढच्या होडीचा दोर सुटला म्हणून तो बांधायला डेकवर गेला आणि लाटेनं त्याला नेलं. आरोळी आली, माणूस पाण्यात. अशा वेळी जहाज वळवतात, दिवा टाकतात. कुणीही टाकतो. मागून तीन जहाजं त्याच वाटेनं काळोखात येत होती, आणि एक दिवा लागला असता तर किनाऱ्यावरून दिसला असता. आकाराम म्हणाले होते, "मार्ग तोच. दिवा नाही." पाण्यातून आवाज दोनदा आला. मग इंजिनांचा आवाज तेवढा राहिला. दुसऱ्या दिवशी परत येताना दोन तास शोधलं. काही सापडलं नाही.

काम फत्ते झालं. चारही जहाजं परत आली. आटपाडीला त्याच्या बायकोला त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं, शत्रूशी लढताना एका क्षणात वीरमरण आलं म्हणून. शाळेच्या मास्तरांनी ते तिला वाचून दाखवलं असणार.

पदक मिळालं तेव्हा सुलाबाई मुंबईला क्वार्टरमध्ये होती. तिनं पदक हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, "मानसं समदी आली का माघारी?" ते म्हणाले, एक सोडून. "नाव काय त्याचं? गाव कुठलं?" त्यांनी नाव सांगितलं, आटपाडी सांगितलं. "म्हंजे आपल्याकडचाच की," ती म्हणाली. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. त्या एकाच दुपारी, आयुष्यात एकदाच. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "पत्ता द्या."

त्यांनी पत्ता दिला होता. एखादी साडी पाठवली असेल, असं त्यांना वाटलं होतं.

"आप्पा, पाणी हवं का?" क्रांती विचारत होती.

"नको."

नानासोनं पाट मांडला. "चला आन्ना. म्हायेर तर म्हायेर. लोकं जेवायची थांबल्यात."

आकाराम पाटावर बसले. राहीबाई टोपी घेऊन समोर आली. मांडवातली माणसं दाराशी गोळा झाली. तिनं हात उचलला तसे आकाराम म्हणाले, "थांबा."

"का वो?"

"तुमच्या हातून मला ही घेता येत नाही."

"आप्पा?" जयराज पुढं आला.

"पत्रात लिहिलं ते खोटं होतं," आकाराम तिला म्हणाले. ब्याण्णव वर्षांचा आवाज, पण शब्द सरळ आले. "महिपती लढताना गेला नाही. तो पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता. मागून तीन जहाजं येत होती, म्हणून मी दिवा लावू दिला नाही. मी..."

"ठावं हाय मला," राहीबाई म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"समदं. दोनदा हाक मारली त्येबी." टोपी तिच्या हातात तशीच होती. "सुलाबाईनं सांगितलं. पयल्या संक्रांतीला आली तवा मी एकोनीस वरसाची. तिनं साडी आनली ती मी रस्त्यावर फेकली. ती उचलून, झाडून, दारात बसून राहिली. सांजच्या गाडीनं गेली. दुसऱ्या साली पुन्ना. तिसऱ्या साली मी पानी दिलं. तवा तिनं सांगितलं."



"आणि तुम्ही..." आकाराम म्हणाले.

"मी तिला लय बोलली. तुज्या कुकवाचं तोंड बगायचं न्हाई म्हटलं. ती म्हनाली, बरोबर हाय, पन मी येनार. आन आली. माजी सासू पडून हुती तवा तिचं हागमूत काढलं तिनं, माझ्या संगं. भाऊ हुता तवर दिवसा माज्याकडं, रातीला भावाकडं. त्यो गेल्यावर माज्याकडंच ऱ्हायची. मग कुनी बगून इचारायचं, कोन आल्यात? मी म्हनायची, लेक आलीया म्हायेराला. वयानं ती मोठी, पन म्हनायची मी आसंच."

क्रांती भिंतीला टेकून रडत होती. शिवांजलीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिनं झटकला नाही.

जयराजचा चेहरा लाल झाला होता. "आप्पा, चार जहाजं होती. पाचशे-सहाशे माणसं. दिवा लावला असता तर... तुम्ही चुकला नाहीत. कुणीही हेच केलं असतं."

"चूक नव्हती," आकाराम म्हणाले. "हुकूम बरोबर होता. आजही तोच देईन. पत्र चूक होतं. आणि पत्रच धाडलं, हे चूक होतं."

"ह्ये बरोबर बोलला," राहीबाई म्हणाली. "हुकमाचं मला कळत न्हाई. मी शेळ्या राखनारी बाई. पन मी सुलाबाईला एकच म्हटलेलं. ज्यानं सोडलं, त्यानं माज्या दारात येऊन सांगावं. ती म्हनाली, येतील. दर साली पिशवी खाली ठिवली की पयलं म्हनायची, यंदा न्हाई जमलं, फुडच्या साली घिऊन येते."

"मला ती कधी बोलली नाही."

"का बोलंल? म्हनायची, म्या सांगितल्यावर आले तर त्ये त्यांचं येनं न्हवं. आपनहून सुचाया पायजे."

आकारामांनी फोटोकडं पाहिलं. त्या दुपारनंतर बावन्न वर्षं ती त्यांच्या ताटात वाढत होती, डोक्याला तेल लावत होती, ते डायरी लिहीत असताना बाजूला शेंगा सोलत बसत होती. दर संक्रांतीला पिशवी भरून उंबऱ्यात क्षणभर थांबायची. ते म्हणायचे, 'गाडी चुकेल.' ती वाट बघत होती हे त्यांना आता कळत होतं.

"आता सांगतो," ते म्हणाले. "सगळं, पहिल्यापासून सांगतो. बसा."

"हितं नगं."

"का?"

"हितं मी माज्या कामाला न्हाई आली. हितं मी तिची म्हायेरची हाय, आन तुमी दुखवट्यातलं जावई. जावयाला पाटावर बसवून कुनी जाब इचारतं का?" ती नानासोकडं वळली. "इचारतं का वो?"

"न्हाई," नानासो म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते आणि ते तो लपवत नव्हता. "आमच्यात तर न्हाई."

"मग मान खाली करा," ती आकारामांना म्हणाली.

त्यांनी मान खाली केली. चाळीस वर्षं माणसांनी त्यांच्यासमोर टाचा जुळवल्या होत्या. राहीबाईनं टोपी घातली, ती जरा तिरकी बसली म्हणून दोन्ही हातांनी सरळ केली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. मग त्यांच्या दंडाला धरून उठवलं. दुसऱ्या बाजूनं जयराजनं धरलं. तिघं उंबऱ्याबाहेर आले. ऊन लागलं तसे आकारामांनी डोळे बारीक केले आणि वारा कुठला आहे ते पाहिलं. पश्चिमेचा होता.

---

राहीबाई जेवली. पंगतीत क्रांतीनं तिला शेजारी बसवून घेतलं आणि दोघी आईबद्दल बोलत राहिल्या. सुलाबाई झोपेत घोरायची की नाही यावर त्यांचं भांडणही झालं. राहीबाई म्हणाली, घोरायची, शेळ्या बिचकायच्या. क्रांती म्हणाली, कधीच नाही. शेवटी आकारामांना विचारलं, तर ते म्हणाले, "मला इंजिनाच्या आवाजाची सवय. मला काय कळणार?" तेव्हा सगळा मांडव हसला, आणि त्यांनाही हसता आलं.

निघताना तिला जयराज गाडीनं सोडतो म्हणाला. तिनं ऐकलं नाही. विट्यापर्यंत एसटी आणि पुढं वडापची जीप, हीच तिची आणि सुलाबाईची वाट होती. क्रांतीनं देवळीखालची पिशवी आणली. आत तिळगुळाचा डबा होता, एक साडी, आणि सांधेदुखीचं तेल.

"ही तुमचीच आहे ना? घेऊन जा."

राहीबाईनं पिशवीवर हात ठेवला. तेलाची बाटली बघून तिला पहिल्यांदा रडू आलं. पण पिशवी तिनं परत खाली ठेवली.

"तुमच्या घरात यंदा सन न्हाई, मला कळतं," ती आकारामांना म्हणाली. "पन ही तिनं भरलेली हाय. संक्रांत रथसप्तमीपतूर आसती. शुक्रवारी रथसप्तमी हाय. माजं घर इचारावं लागत न्हाई, साळंच्या मागं शेवटचं. दारात लिंब हाय."

"गाडीनं दोन तास लागतील," जयराज म्हणाला. "आप्पा, मी शुक्रवारपर्यंत थांबतो."

"तुला पुण्याला काम आहे."

"असू दे."

"तू नगं जाऊस," नानासो जयराजला म्हणाला. "आन्ना एकटं जातील. डायवर साईराज. त्येला फ्लेक्सची भरपाई करू दे."

एसटीची वेळ झाली. राहीबाई गेली. मांडव सोडायला माणसं आली आणि बांबू खाली येऊ लागले. आकाराम खिडकीशी बसले, टोपी अजून डोक्यावर होती. त्यांनी डायरी उघडली आणि तेरा दिवसांपूर्वीचं पान काढलं. 'सुलाबाई' या नावापुढं त्यांनी 'गेली' लिहिलं. मग आजचं पान काढलं. वारा पश्चिमेचा, पाऊस नाही, नानासोनं आज पाणी दिलं नाही, हे लिहिलं. राहीबाई देठे आल्या आणि टोपी दिली, हे लिहिलं. पिशवी दाराजवळ ठेवली आहे, हेही लिहिलं.

आटपाडीला जायचं राहिलं आहे.